शिट्टीसरांचा अवकाश

शाळेत शिट्टीसरांचं खरं नाव कुणालाच धड ठाऊक नव्हतं. नव्या पालकांनी विचारलं तर शिपाईदादाही क्षणभर आठवत उभा राहायचा आणि मग म्हणायचा, "शिट्टीसर म्हणून हाक मारा, मैदानातून ओ देतील." ते खोटं नव्हतं. पहिल्या घंटेपासून शेवटच्या घंटेपर्यंत सर मैदानात असत. गळ्यात शिट्टी, डोक्याला टोपी आणि अंगभर फक्की. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची ती पांढरी चुन्याची पूड. ती सरांच्या भुवयांत असायची, नखांत असायची, डब्याच्या झाकणावरही असायची. त्यांची बायको दवाखान्यात सिस्टर होती, त्यामुळे स्वच्छतेच्या बाबतीत तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे. संध्याकाळी दार उघडल्या उघडल्या ती म्हणायची, "आधी झटका. माणूस आत येऊ दे, मैदान बाहेर राहू दे."

मग एक दिवस मुलांना चपळाईनं वळायचं कसं ते दाखवताना सर स्वतःच वळले आणि त्यांचा गुडघा काही त्यांच्याबरोबर वळला नाही. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की चालता येईल, जिना चढता येईल, पण पळणं आणि दिवसभर उन्हात उभं राहणं आता विसरायचं. सर विसरायला तयार नव्हते. पण ते काठी घेऊन शाळेत परत आले तेव्हा मैदानात एक तरणाबांड नवा सर शिट्टी फुंकत होता, आणि मुलं त्याच्यामागे तशीच धावत होती.

मुख्याध्यापिकांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या उंच होत्या म्हणून आणि त्यांच्यापुढे सगळेच आपोआप लहान होत म्हणूनही. त्यांनी सरांना खोलीत बोलावलं.

"चित्रकलेच्या बाई सोडून गेल्या. नवऱ्याची बदली झाली. पाचवीचा चित्रकलेचा तास तुम्ही घ्या."

सरांना वाटलं, बाई थट्टा करताहेत. पण मोठ्या बाई थट्टा करत नसत.

"बाई, मी शाळेत असताना घोड्याचं चित्र काढलं होतं. मास्तर म्हणाले, टेबल छान आलंय, वरची फुलदाणी कुठाय?"

मोठ्या बाईंच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण तेवढाच. "दुसरी जागा सामानाच्या खोलीत आहे. चेंडू, जाळ्या, तुटकी बाकं. किल्ल्या सांभाळायच्या. पगार हाच, पण शिकवणं नाही."

सामानाच्या खोलीला खिडकी नव्हती, पण त्याचं सरांना फारसं काही नव्हतं. तिथे मुलं नव्हती. सकाळी कुलूप उघडायचं, संध्याकाळी लावायचं, आणि मधल्या वेळात कुणीही येऊन "सर, याने मला ढकललं" म्हणणार नाही.

"घेतो तास," ते म्हणाले.

"मी एकदा येऊन बसेन. कधी ते सांगणार नाही. मुलं काही शिकताहेत असं दिसलं तर तास तुमच्याकडेच ठेवू. नाहीतर किल्ल्या."

चित्रकलेची खोली व्हरांड्याच्या अगदी टोकाला होती. लांबलचक टेबलं, त्यांच्यावर वाळलेल्या रंगांचे थर, कोपऱ्यात कधीच पूर्ण बंद न होणारा नळ आणि त्याच्याखाली हिरवट-निळी झालेली मोरी. मैदानाकडे उघडणारी मोठी खिडकी होती. सरांनी पहिलं काम केलं ते हे, की आपली खुर्ची खिडकीकडे पाठ येईल अशी फिरवून घेतली. मग त्यांनी भिंतींकडे पाहिलं. आधीच्या बाईंनी छताखाली, चारी भिंतींवर फिरत जाणारे शब्द रंगवले होते, एकेक शब्द ताटाएवढा. रेषा. आकार. पोत. रंग. अवकाश. तोल. लय. सरांना हायसं वाटलं. पुस्तक वाचणं त्यांना कधी जमलं नव्हतं, पण हे सोपं होतं. एक शब्द संपला की पुढचा. धावण्याच्या शर्यतीसारखं. सुरुवात कुठून आणि शेवट कुठे ते दिसत होतं.

पहिल्या तासाला मुलं आत शिरली ती कुजबुजतच. "अरे, शिट्टीसर! आज काय, कागदावर कवायत?" पुढच्या बाकावर दोन घट्ट वेण्यांची एक मुलगी येऊन बसली. ती बसायच्या आधीच विचारू लागली. सर, तुम्हाला चित्र येतं का? सर, तुमची टोपी का नाही आज? सर, नळाला झाकण घालता येत नाही का? सरांनी तिथल्या तिथे तिचं नाव प्रश्नपत्रिका ठेवलं. तिला ते इतकं आवडलं की तिने ते आईलाही सांगितलं.

"आज रेषा," सर म्हणाले आणि खडू घेऊन फळ्याकडे वळले. डावीकडून उजवीकडे त्यांनी एक रेघ ओढली. ती मध्येच खाली गेली, मग वर आली, आणि शेवटी कुठेतरी हरवली.

"सर, ही नदी आहे का?" प्रश्नपत्रिकेनं विचारलं. वर्ग खिदळला.

सरांच्या कानशिलांना आच लागली. मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फक्कीची सरळ रेघ मारण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि इथे हातभर फळ्यावर फजिती. ते रेघेकडे बघत राहिले. आणि त्यांच्या लक्षात आलं की आपण हाताकडे बघत होतो. फक्की टाकताना हाताकडे कोण बघतं? समोरच्या खुंटीवर नजर लावायची आणि चालत सुटायचं. हात मागून येतो. त्यांनी फळ्याच्या उजव्या टोकाला एक ठिपका दिला, डाव्या टोकाशी परत आले, डोळे ठिपक्यावर रोवले आणि लंगडत चालू लागले.

रेघ तिरासारखी गेली.

"ओऽऽ," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं. सरांनी मागे सरून त्या रेघेकडे पाहिलं. जन्मभर आपण रेघा मारल्या, पण रेघ म्हणून रेघेकडे कधी पाहिलंच नव्हतं. ती होती ती चेंडू आत पडला की बाहेर एवढं ठरवायला. आणि ही बघा, नुसती आहे. कुणाला बाद करत नाही. काळ्याशार फळ्यावर निवांत पहुडली आहे, आणि तिच्यामुळे वर एक आभाळ झालंय आणि खाली एक जमीन.

"सर, ही झोपलेली रेघ आहे," प्रश्नपत्रिका म्हणाली. या वेळी तो प्रश्न नव्हता.

"मग उभी रेघ कशी असते?" सरांनी विचारलं.

"कवायतीतली!"

"आणि तिरकी?"

"घाईतली! शाळा सुटल्यावरची!"

त्या दिवशी मुलांनी कागदभर रेघा काढल्या. दमलेल्या, रुसलेल्या, रांगेत घुसणाऱ्या. घरी जाताना सरांना विजेच्या तारा दिसल्या, जिन्याचा कठडा दिसला, समोरून येणाऱ्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या दिसल्या. तो माणूस म्हणाला, "काय साहेब, ओळखता का मला?" सर म्हणाले, "नाही हो, कपाळ बघत होतो." माणूस घाईघाईने पलीकडच्या बाजूला गेला.

आकाराचा आठवडा असाच गेला. मग पोत. सरांना पोत म्हणजे कापडाचा, एवढंच ठाऊक. पण त्यांनी मुलांना मेणखडू आडवा धरायला शिकवला आणि कागद कशावरही ठेवून घासायला लावला. भिंत, फरशी, दाराची फळी, बुटाचा तळवा. कागदावर एकेक वस्तू आपली कातडी ठेवून जाऊ लागली. सरांनी स्वतः एका जुन्या चेंडूवर कागद धरून घासलं. टाके उमटले, भेगा उमटल्या, एका जागी कातडं घासून गुळगुळीत झालं होतं तो डाग उमटला. किती वर्षं हा चेंडू हातात घेतला, फेकला, लाथाडला, आणि याला असा चेहरा आहे हे माहीतच नव्हतं. घरी बायकोच्या दवाखान्यातल्या बुटाच्या तळव्यावर कागद ठेवून ते घासत बसले.

"अहो, ऑपरेशनच्या आधी बुटाला भूल दिलीय का?" बायकोनं विचारलं.

"बघ तरी. टाचेपाशी एकाच बाजूला झिजलाय. तू चालताना उजवीकडे झुकतेस."

ती कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "रात्रपाळीत बादली उजव्या हातात असते." आणि कागद घेऊन तिने तो कपाटाच्या दाराला लावून टाकला, हे मात्र सरांनी कुणाला सांगितलं नाही.

रंगाच्या आठवड्यात सगळ्यांच्या नाकीनऊ आले. मुलांचे सदरे, टेबलं, नळ, शिपाईदादाची नवी चप्पल, काही सुटलं नाही. पिवळ्यात निळा मिसळला की हिरवा होतो हे सरांना ऐकून माहीत होतं, पण ते आपल्या डोळ्यांदेखत होताना त्यांनी कधी बघितलं नव्हतं. वाटीत दोन रंग एकमेकांभोवती फिरले आणि तिसराच कुणीतरी वर आला, तेव्हा ते "अरेच्चा!" असं इतक्या मोठ्याने ओरडले की शेजारच्या वर्गातून गणिताचे मास्तर डोकावले. त्याच आठवड्यात प्रश्नपत्रिकेनं भिंतीवरची आपली सावली जांभळट रंगवली.

"सावली काळी असते," सर म्हणाले.

"बघा ना, सर."

सरांनी बघितलं. पांढऱ्या भिंतीवर तिची सावली खरोखरच काळी नव्हती. निळसर होती, कडेला थोडी जांभळी, खाली फरशीशी टेकली होती तिथे तपकिरी. त्यांनी आपला हात भिंतीशी धरला. त्यांचीही तशीच. इतकी वर्षं ही सावली आपल्याबरोबर उन्हातून हिंडली, आणि आपण तिला काळी समजत होतो. ते बराच वेळ हात तसाच धरून उभे राहिले. मुलांना वाटलं सरांना लचक भरली.

याच सुमारास सरांना कळलं की आपल्याला सामानाच्या खोलीची आता पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटते. आधी मुलांपासून दूर जायची भीती होती. आता हेही जाणार होतं, हे नवं दिसणं. कुलुपाच्या खोलीत एकट्या माणसाला कोण सांगणार की सावली जांभळी असते? आणि मोठ्या बाई अजून आल्या नव्हत्या. दर तासाला दाराचा आवाज झाला की सरांच्या तोंडचं पाणी पळे.

रंगानंतर भिंतीवरचा पुढचा शब्द होता अवकाश. सरांनी तो वाचला आणि त्यांना आधीच्या बाईंचं मनापासून कौतुक वाटलं. मैदानावर मुलांना दमवलं की मध्ये विसावा द्यावाच लागतो, नाहीतर कुणाचा तरी पाय मुरगळतो. या बाईंना ते बरोबर कळलं होतं. रंगांचा एवढा दंगा झाल्यावर अवकाश. सवड. मोकळा वेळ. शहाणी बाई! तोलासाठी पोरं ताजीतवानी हवीत.

"उद्या अवकाश," त्यांनी जाहीर केलं. "काही आणायचं नाही. कागद नाही, रंग नाही."

"रॉकेट काढायची ना, सर?" प्रश्नपत्रिकेनं विचारलं. "अवकाश म्हणजे रॉकेट!"

"रॉकेट नाही, बाई. अवकाश म्हणजे आराम. हात-पाय सैल सोडून बसायचं."

"सर, पण त्याला गुण कसे देणार?"

"जो सगळ्यात कमी हलेल त्याला जास्त."

दुसऱ्या दिवशी, शेवटच्या तासाला, अख्खा वर्ग टेबलांवर डोकी टेकून पडला होता. काहींना खरोखर झोप लागत होती. सरांनी खुर्चीत पाय लांब केला होता. गुडघ्याला बरं वाटत होतं. नळ ठिबकत होता. आणि मोठ्या बाई आत आल्या.

सर धडपडत उठले. मुलं उठली. एकाच्या गालावर टेबलाच्या भेगेचा ठसा उमटला होता. एरवी तो सरांनी पोत म्हणून वर्गाला दाखवला असता.

"आज काय शिकवताय?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"अवकाश, बाई."

"छान. मग कागद कुठे आहेत?"

"कागद... म्हणजे आज अवकाश आहे ना, म्हणून नाहीत."

मोठ्या बाईंनी भिंतीवरच्या शब्दाकडे पाहिलं, मग सरांकडे, मग त्या गालावर ठसा उमटलेल्या मुलाकडे. सगळं त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्या जेव्हा बोलल्या तेव्हा फार हळू बोलल्या. "सर, चित्रातला अवकाश म्हणजे रिकामी जागा. वस्तूंच्या भोवतीची, वस्तूंच्या मधली. सवड नव्हे."

कुणीतरी फिसकन हसलं. प्रश्नपत्रिकेनं मागे वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो तिथेच थांबला.

मोठ्या बाई शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. हात मांडीवर ठेवले. "चालू द्या," त्या म्हणाल्या.

काय चालू द्यायचं? सरांना किल्ल्यांचा आवाज ऐकू आला, खरोखरचा, कानात. रिकामी जागा म्हणे. जी नाहीच ती शिकवायची कशी? रेघ काढता येते, रंग ओतता येतो. त्यांनी मदतीसाठी इकडेतिकडे पाहिलं, आणि घशाशी आलेलं पहिलं वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं. ते त्यांनी मैदानावर हजारदा ओरडून सांगितलेलं वाक्य होतं.

"माणूस बघू नका! जागा बघा!"

मुलं बघतच राहिली. सरही. आपण काय म्हणालो ते त्यांना स्वतःला जरा वेळाने ऐकू आलं. चेंडू पायात असताना पोरं समोरच्या खेळाडूकडे बघतात आणि नेमकी त्याच्याच अंगावर जातात. म्हणून ओरडायचं, माणूस बघू नको, जागा बघ, दोघांच्या मधली जागा. तिथून वाट असते. म्हणजे ही रिकामी जागा आपण जन्मभर बघत आलोय. फक्त तिला काही नाव आहे, तिला कुणी चित्रात मान देतं, हे माहीत नव्हतं.

"तू पुढे ये," त्यांनी गालावर ठसा उमटलेल्या मुलाला बोलावलं. "कमरेवर हात ठेव. असा. आता सगळ्यांनी याच्याकडे अजिबात बघायचं नाही."

"मग कुठे बघायचं, सर?"

"जिथे हा नाही तिथे."

मुलं डोळे बारीक करून बघू लागली. आधी कुणालाच काही दिसेना. मग प्रश्नपत्रिका बाकावरून जवळजवळ पडलीच. "सर! त्रिकोण! याच्या बगलेत त्रिकोण आहे!"

हशा पिकला. तो मुलगा लाजून हात खाली घेणार, तेवढ्यात सर ओरडले, "हलू नकोस! त्रिकोण मोडेल!" आणि त्यांनाही तो दिसला. हात आणि कमर यांच्यामध्ये एक स्वच्छ, नेमका त्रिकोण, त्यातून मागची खिडकी दिसत होती. तो कुणी काढला नव्हता. तो हवेचा होता. मुलगा नसता तर तोही नसता.

मग काही आवरेना. खुर्चीच्या पायांमध्ये चौकोन सापडले. बादलीच्या कडीत अर्धचंद्र सापडला. नळाच्या मानेखाली कुणाला हंस दिसला. दोन मुली एकमेकींकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांच्या नाकांच्या मधल्या हवेवरून वर्गात भांडण लागलं की ती बाटलीसारखी आहे की झाडासारखी.

सर खिडकीकडे वळले. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांनी तिकडे सरळ पाहिलं. मैदान मोकळं होतं. ऊन कलतं झालं होतं आणि गोलाच्या खांबांच्या सावल्या लांबच लांब पडल्या होत्या.

"चला," ते म्हणाले. "रांगेत. आणि दोघांनी सामानाच्या खोलीतून फक्कीच्या बादल्या आणायच्या."

"कागद नाहीत ना आपल्याकडे," कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच."

मैदानाच्या कडेला सरांची काठी अडली, पण मुलं एवढी किलबिलत होती की थांबायला जागा नव्हती. त्यांनी अर्ध्या वर्गाला उन्हाकडे पाठ करून एका ओळीत उभं केलं. हातात हात, पाय थोडे फाकलेले. त्यांच्यासमोर मातीवर लांबच लांब सावल्यांची ओळ पडली, जशी काही कागदाच्या घड्या कापून उलगडलेल्या बाहुल्यांची. ओळीच्या टोकाला एकच बुटका मुलगा होता आणि तिथे ते सगळं अचानक संपल्यासारखं वाटत होतं. सरांनी आजूबाजूला पाहिलं. मोठ्या बाई हात मागे बांधून बाजूला उभ्या होत्या.

"बाई, तुम्ही त्याचा हात धरता का जरा? तिकडे उंच काहीतरी हवंय."

मोठ्या बाईंना असं आजवर कुणी काही हवंय म्हणून उभं केलं नव्हतं. पण त्या पुढे आल्या आणि बुटक्याचा हात त्यांनी धरला.

"आता बाकीच्यांनी ऐका," सर म्हणाले. "सावलीला हात लावायचा नाही. सावलीच्या मधलं ऊन भरायचं. वाऱ्याकडे पाठ करायची, फक्की खालून सोडायची, डोळ्याला हात लावायचा नाही. आणि चटकन, ऊन आपल्यासाठी थांबत नाही. ओळीतल्यांनी हलायचं नाही. नाकावर माशी बसली तरी."

मुलं वाकली. मूठ मूठ फक्की उन्हाच्या तुकड्यांवर पडू लागली. हातांच्या खालचे, पायांच्या मधले, कानांच्या बाजूचे तुकडे. सरांना खाली बसता येत नव्हतं. ते उभ्यानंच बोट दाखवत फिरत होते. "कोपर तीक्ष्ण घे. वेणीच्या आतलं राहिलं. हां, तिथे बोटं आहेत, सावकाश." ओळीतली प्रश्नपत्रिका हलायची नाही म्हणून ओठ न हलवता विचारत होती, "झांलं कां, सर?"

"झालं," सर शेवटी म्हणाले. "आता सगळ्यांनी मागे या. हळू."

ओळ सुटली. हात हातातून निघाले. मुलं मागे सरली, आणि त्यांच्या सावल्याही त्यांच्याबरोबर निघून गेल्या.

मैदानात पांढऱ्याशुभ्र फक्कीमध्ये तांबूस मातीची माणसं उभी होती. हातात हात घातलेली. कुणी त्यांना काढलं नव्हतं. कुणी त्यांना हातसुद्धा लावला नव्हता. माती जशी होती तशीच होती, फक्त तिच्या भोवतीचं भरलं होतं, आणि मधून तो मघाचा त्रिकोणवाला मुलगा होता, दोन वेण्यांची मुलगी होती, टोकाच्या अलीकडे एक बुटका होता. उचललेली बादली सरांच्या हातातच राहिली. ज्या मैदानावर त्यांनी उभं आयुष्य रेघा मारल्या, त्या मातीत ही माणसं आधीपासूनच होती की काय असं त्यांना वाटलं.

"सर," प्रश्नपत्रिका हळूच म्हणाली, "आम्ही इकडे आलो तरी तिथे आहोत."

सरांनी मान हलवली.

मोठ्या बाई टोकाशी जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या पायाशी उंच, सडपातळ, मातीचा एक आकार होता. एक खांदा किंचित खाली, कारण हात खाली एका लहान हातापर्यंत नेलेला होता. अंबाड्यातून सुटलेली एक बटसुद्धा कुणीतरी जपून तशीच ठेवली होती.

"ही मी?" त्यांनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"तुम्ही नाही, बाई. तुमच्या भोवतालचं," सर म्हणाले.

त्या बराच वेळ तो वाकलेला खांदा बघत राहिल्या. आपण कुणासाठी अशा वाकतो हे त्यांना कुणी दाखवलं नसावं.

घंटा झाली. नवा सर चेंडू घेऊन मैदानात आला, मागे मोठ्या मुलांचा घोळका. फक्की बघून तो थबकला. "सर, सामना आहे. मैदान मोकळं करून घेऊ का?"

शिट्टीसर काही बोलायच्या आत मोठ्या बाई वळल्या. "सामना पलीकडच्या अर्ध्यात घ्या."

"पण बाई, तिकडे गोल एकच आहे."

"मग एकाच गोलात खेळा. आज इथून कुणी जायचं नाही."

नवा सर गेला. मोठी मुलं जाता जाता कडेने थांबून बघू लागली. एकाने पाय पुढे टाकला होता तो त्याने मागे घेतला.

"सर," मोठ्या बाई म्हणाल्या, आता नेहमीच्या आवाजात, "संस्थेच्या बैठकीत मी तुमचं नाव देते. पाचवीचा तास तुमचा."

सरांनी फक्कीचा हात सदऱ्याला पुसला, मग तोच डोळ्यांकडे नेला आणि मध्येच थांबले, कारण पोरांना आताच नाही म्हणून सांगितलं होतं.

"पण एक आहे," बाई पुढे म्हणाल्या. "भिंतीवरचा पुढचा शब्द शिकवायच्या आधी त्याचा अर्थ मला विचारायचा."

"पुढचा तोल आहे, बाई. तो येतो मला."

"येतो?" बाईंनी त्यांच्या काठीकडे पाहिलं, आणि मग, संपूर्ण पाचवीसमोर, त्या हसल्या.

"म्हणजे," सर म्हणाले, "विचारून घेतो."